विल्मा आली कुणाच्या घरी?

"काकू, ते पापड राहू द्या जरा, इकडे कुंपणापाशी या. समोरचे भाऊजी काल फोनवर काय बोलत होते माहितीय? 'व्हनेसा जुनी झाली, विल्माला आणली!' माझ्या कानांनी ऐकलं."

"हळू बोल, त्यांची खिडकी उघडी आहे. अगं, लॅपटॉपचं बोलत होते ते. त्यांच्याकडे लिनक्स मिंट ही सिस्टिम आहे ना? त्याच्या प्रत्येक आवृत्तीला बाईचं नाव असतं. २०२२ साली आलेली २१ नंबरची व्हनेसा, २०२४ ची २२ नंबरची विल्मा."

"अगबाई! आणि मी दोन घरी सांगून आले."

"दोनच ना? संध्याकाळपर्यंत गल्लीभर होईल. पण खरी गंमत तुला कळलीच नाही. भाऊजींच्या भाच्याच्या मुंजीचे फोटो गेले."

"विल्मानं खाल्ले?"

"तिचा काय दोष! नवी आवृत्ती घालण्याआधी टाइमशिफ्ट नावाच्या प्रोग्रामनं आहे त्या स्थितीचा एक स्नॅपशॉट घ्यावा लागतो. नसला तर अपग्रेडचा प्रोग्राम अडून बसतो. भाऊजींनी घेतला. मग डिस्कवर जागा कमी पडली, तेव्हा 'सगळं टाइमशिफ्टमध्ये आहेच की' म्हणत फोटोंचा अख्खा फोल्डर उडवला."

"मग? नव्हते त्यात?"

"नाहीच! टाइमशिफ्ट सिस्टिम सांभाळतं. आपले फोटो, कागदपत्रं मुद्दाम बाहेर ठेवतं. उद्या काही बिघडलं आणि सिस्टिम मागे न्यावी लागली, तर तू काल लिहिलेली पत्रंही मागे जाऊ नयेत म्हणून. फोटो आपले आपण बाहेरच्या डिस्कवर घ्यायचे. वहिनी दोन दिवस बोलत नाहीयेत त्यांच्याशी."

"तरीच काल डबा बाहेरून आला होता!"

"आणि एवढी घाई कशाला? व्हनेसाला सुरक्षेचे अपडेट एप्रिल २०२७ पर्यंत मिळणार आहेत. चालू गाडी उगाच कशाला खोलायची? बरं, तुझ्याही लॅपटॉपवर मिंटच ना? त्यातली कोण आहे?"

"परवा मुलानं दाखवलं. २०.२, उमा."

"उमा? अगं, वीसवाल्या सगळ्यांचे अपडेट एप्रिल २०२५ मध्येच बंद झाले! त्यावर बँकेचे व्यवहार करतेस?"

"लाइटबिल भरते. भिशीचे पैसे पाठवते."

"बघ, ज्याला गरज नव्हती तो धावला आणि जिला गरज आहे ती कुंपणापाशी गप्पा मारतेय."

"मग आज रात्रीच विल्मा घालू?"

"थेट नाही जमत. उमावरून आधी २०.३ ची उना, मग व्हनेसा, तिच्यावरून २१.३ ची व्हर्जिनिया, मग विल्मा. मधली गाळता येत नाही. उना आणि व्हर्जिनिया अपडेट मॅनेजरच्या मेनूतून येतात, पण व्हनेसा आणि विल्मासाठी अपग्रेडचा तो वेगळा प्रोग्राम चालवावा लागतो. तुझं एवढं जुनं आहे, तर मी म्हणेन सगळं बाहेर काढून पेनड्राइव्हवरून नवीनच घाल. सोपं पडेल. विल्माला २०२९ पर्यंत बघायला नको."

"पैसे किती?"

"फुकट. पण पेनड्राइव्ह रिकामा हवा, त्यावरचं सगळं पुसलं जातं. आणि फोटोंसाठी दुसरी डिस्क हवी. कॉपी झाली की दोन-चार फोटो तिच्यावरूनच उघडून बघायचे, मगच पुढे. चार्जर लावलेला ठेवायचा, मध्येच बंद पडलं तर पंचाईत."

"तुम्ही याल ना मदतीला? गुरुवारी मी मोकळी आहे."

"गुरुवारी लाइट जाते आपल्याकडे. मी शुक्रवारी येते. तोवर डिस्क शोधून ठेव. आणि त्या दोन घरी जाऊन आधी सांग, की भाऊजींच्या घरात आलंय ते सॉफ्टवेअर."

"सांगते. पण काकू, फोटोंचं सांगू का?"

"ते मी तुला सांगितलं, असं मात्र म्हणू नकोस."