मृत्युपत्र न करणाऱ्या कारभाऱ्यांस अनावृत पत्र

प्रति,
परमआदरणीय कारभारी साहेब,
जिल्हा बीड.



आपण अजून मृत्युपत्र केलेलं नाही, याबद्दल सर्वप्रथम आपले मनःपूर्वक आभार. पारावर कुणी विषय काढलाच, तर "मी काय मरायला टेकलोय का?" असं खडसावून आपण त्याला गप्प बसवता. मृत्यूला असं परस्पर परत पाठवणारा दुसरा माणूस आमच्या पाहण्यात नाही. आपल्या या धैर्यावर वकिलांची आणि बॉण्ड रायटरांची घरं चालतात, त्यांच्या वतीनेही आभार.

शासनही आपलं ऋणी आहे. माणूस जाऊन पिढी लोटली तरी सातबाऱ्यावर तोच मालक, म्हणून २०२५ च्या एप्रिलपासून राज्यभर 'जिवंत सातबारा' मोहीम काढावी लागली. वारसाने तीन महिन्यांत तलाठ्याकडे वर्दी द्यावी, असं महसूल कायदा सांगतो. पण वर्दी द्यायची कुणी, यावरच आपल्या घरात तीन वर्षं भांडण चालेल, याची सोय आपण मोठ्या दूरदृष्टीने करून ठेवली आहे.

आपल्या बंधुराजांवरचा आपला विश्वास तर वंदनीय आहे. "माझ्या माघारी भाऊ बघंल," असं आपण म्हणता. भाऊ बघतोच. दहाव्याच्या आत सातबारा कुणाच्या नावावर आहे, विहिरीत हिस्सा किती, ट्रॅक्टर कुणाच्या नावाने घेतला, सगळं बघतो.

ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या बांधवांचे आभार कसे मानावेत, हे मात्र कळत नाही. कोयता जोडप्याचा असतो. मुकादमाकडून आगाऊ उचल दोघांच्या जिवावर घेतलेली असते. दसरा-दिवाळीला धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासारहून गाड्या भरून कारखान्यांकडे निघतात. फडात किंवा वाटेवर कारभाऱ्याचं बरंवाईट झालं, तर मुकादम उचलीच्या हिशेबाला बरोबर त्याच्या बायकोच्याच दारात येतो. तेव्हा ती वारस असते. हीच बाई जमिनीवर वारस म्हणून नाव लावा म्हणाली, की घरातून उत्तर येतं, "वहिनी, एवढी घाई काय आहे?" मेलेल्याचं देणं त्याच्या मागे राहिलेल्या मालमत्तेपुरतंच वारसाकडून वसूल होऊ शकतं, हे तिला कुणी सांगत नाही. आणि मालमत्ता किती होती, हे आपण तिला जिवंतपणी कधी सांगितलेलं नाही.

बहिणींवरच्या आपल्या मायेबद्दलही दोन शब्द लिहिलेच पाहिजेत. भाऊबीजेला साडी, आणि लगोलग दुय्यम निबंधकाकडे हक्कसोडपत्र. १९९४ मध्ये महाराष्ट्राने अविवाहित मुलींना आणि २००५ मध्ये केंद्राने सगळ्याच मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतका हक्क दिला. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की २००५ मध्ये बाप हयात नव्हता म्हणून लेकीचा हक्क जात नाही. आपण एका साडीत ते सगळं मिटवलंत. मग अहिल्यानगर-बीड-परळी रेल्वेसाठी, महामार्गासाठी जमिनी गेल्या, मावेजा आला, आणि वीस वर्षं जिच्या घरी कुणी फिरकलं नव्हतं तिच्या अंगणात भावांच्या मोटारसायकली उभ्या राहिल्या. "ताई, जरा सही कर." एवढा जिव्हाळा मावेजाशिवाय जागा होत नाही, त्याला आपण काय करणार?

आपण म्हणाल, बँकेत नॉमिनी लावलाय, काळजी कशाची. आपल्या भिंतीवर जे 'कालनिर्णय' लटकतंय, ते सुरू करणारे जयंत साळगावकर यांनी २०११ मध्ये मृत्युपत्र केलं होतं. २०१३ मध्ये ते गेले. त्यांच्या गुंतवणुकीवरून नॉमिनी मोठा की वारस, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १४ डिसेंबर २०२३ रोजी निकाल लागला: शेअर किंवा म्युच्युअल फंडाचा नॉमिनी मालक होत नाही, मालकी वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने ठरते. बँकेतल्या ठेवीचंही तेच आहे. ज्यांनी लिहून ठेवलं त्यांच्या माघारी प्रश्न दिल्लीपर्यंत गेला. आपण तर मल्टिस्टेट पतसंस्थेतल्या ठेवीची पावती कुठल्या ट्रंकेत आहे, हेसुद्धा घरात सांगितलेलं नाही.

आपल्यातले जे थोडे लिहितात, त्यांचे स्वतंत्र आभार. त्यांना मृत्युपत्र आठवतं ते लेकींना डावलण्यासाठी. काहीच लिहिलं नसतं, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने बायको, मुलगा, मुलगी आणि आई यांना सारखा वाटा मिळाला असता. तो मिळू नये एवढ्यासाठी हे पेन उचलतात.

कारभारी, आता आडून बोलणं पुरे. तुमच्या हातात जे आहे ते फार थोडं आणि फार सोपं आहे. मृत्युपत्राला कोरा कागद चालतो, स्टॅम्प लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही. केलीत तर उत्तम. तुम्ही सही किंवा अंगठा करायचा, दोन साक्षीदारांनी तो पाहायचा आणि स्वतः सह्या करायच्या. ज्याला काही मिळणार आहे, त्याला साक्षीला घेऊ नका. वय झालं असेल तर शुद्धीत असल्याचा डॉक्टरचा दाखला जोडा. मन बदललं तर नवं लिहा. शेवटचं लिहिलेलं खरं धरतात. स्वतः कमावलेलं सगळं देता येतं, वडिलोपार्जितातला आपला हिस्साही देता येतो, भावाचा नाही. सुन्नी मुसलमान कारभाऱ्यांनी ध्यानात ठेवावं, की इतर वारसांची संमती नसेल तर वसीयत एक तृतीयांशाच्या आत, आणि तीही वारसाबाहेरच्या माणसासाठीच.

आणि तुम्ही मरेपर्यंत बायकोला थांबवायचं कशाला? शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९९० च्या सुमारास लक्ष्मीमुक्ती मोहीम काढली, तेव्हा शेतकऱ्यांनी हयातीतच बायकांच्या नावावर जमिनी केल्या. ते शेतकरीच होते, तुमच्यासारखेच, आणि त्यांच्या घरावर काही आभाळ कोसळलं नाही. पुढे शासनाने सातबाऱ्यावर पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावायची सोयही केली.

तेव्हा मृत्युपत्राचा हा कागद लिहाच, आणि त्यात बायकोचं नाव पूर्ण लिहा. राहतं घर कुणाचं, कोणत्या गटातली किती एकर, विहिरीचा हिस्सा, ठेवी, सोनं, मुकादमाकडून घेतलेली उचल आणि तिच्यातली फेडलेली किती, सगळं येऊ द्या. मग तिला समोर बसवून वाचून दाखवा. ती "असलं अभद्र बोलू नका" म्हणेल. तरी वाचा. मूळ कागद तिच्याकडे द्या. भावाकडे ठेवू नका.

कळावे, लोभ असावा.

आपल्याच गावची,
हक्कसोडपत्रावर सही न केलेली एक लेक