उजेडकाका

सोसायटीच्या पाटीवर त्यांचं खरं नाव आहे, पण ते आता फक्त कुरिअरवाला घेतो. बाकी सगळ्यांचे ते उजेडकाका. उभी नोकरी बँकेच्या ट्यूबलाइटखाली गेली. उजेड म्हणजे काय ते निवृत्तीनंतर कळलं, आणि कळलं तेव्हा हातात कॅमेरा होता नि घरात बंडू. बंडू म्हणजे लॅब्रडॉर, नाकापासून शेपटीपर्यंत काळाकुळीत.

कॅमेरेवाल्यांची ही जमात आता गावोगावी आहे. पक्ष्यांवाले भल्या पहाटे भिगवणला जाऊन कुडकुडतात, वाघवाले ताडोबाला जाऊन पैसे उधळतात. उजेडकाकांना पायात चप्पलसुद्धा घालावी लागत नाही. बाहेर पळून जावंसं वाटतं ते घरातल्या बाकीच्यांना.

फ्लॅशचं नाव त्यांच्यासमोर काढायचं नाही. कुत्र्याच्या डोळ्यात मागच्या बाजूला उजेड परतवणारा एक पडदा असतो, त्यामुळे फ्लॅश मारला की डोळे हिरवे पेटतात आणि बंडूचा मुंजा होतो. उजेड हवा तो खिडकीचा, तोही उत्तरेचा. आपल्याकडे वर्षातला बराच काळ सूर्य दक्षिणेला कललेला असतो, म्हणून उत्तरेकडून ऊन न येता नुसता मऊ, सारखा उजेड येतो. चित्रकार मंडळी स्टुडिओला उत्तरेची खिडकी मागत ती याचसाठी. काकांच्या फ्लॅटमध्ये असा उजेड एकाच जागी येतो: स्वयंपाकघरात, ड्राय बाल्कनीच्या दारातून.

साडेदहाच्या सुमाराला काका फरशीवर पालथे पडतात, कारण कुत्र्याचा फोटो कुत्र्याच्या डोळ्यांच्या पातळीवरूनच काढायचा. ट्यूब बंद, कारण ट्यूबचा नि दिवसाचा उजेड एकत्र आला की रंग बिघडतात. काकू अंधुकात भेंडी चिरतात. फ्रिजला थर्मोकोलचा तुकडा टेकवलेला असतो, सावलीच्या बाजूला थोडा उजेड परतवायला. तो २०१८ च्या बंदीआधीच्या गणपतीच्या मखरातला. भांडीवाल्या मावशी काकांना ओलांडून पातेली नेतात.

"अहो, अंगावर फोडणी उडेल."

"उडू दे. तू आधी तो पिवळा गाऊन बदल. त्याचा रंग बंडूवर पडतोय."

काळ्या कुत्र्यावर पिवळा रंग कसा पडेल म्हणून मावशी हातातलं पातेलं ठेवून वाकून बघतात. पडलेला असतो. काकू गाऊन बदलत नाहीत.

काळ्या कुत्र्याचं खरं दुखणं मात्र वेगळंच. समोरचं सगळं जग मध्यम करड्या रंगाचं आहे असं कॅमेऱ्याचा मीटर धरून चालतो. काळं दिसलं की त्याला वाटतं अंधार पडला. तो जास्तीचा उजेड घेतो आणि बंडू चुलीतल्या राखेत लोळून आल्यासारखा दिसतो. म्हणून एक्स्पोजर उणे करायचं. समोर पांढरा पॉमेरियन असेल तर अधिक. "उणे एक... उणे एक पूर्णांक दोन तृतीयांश..." असं काका जमिनीवरून पुटपुटतात तेव्हा काकूंना वाटतं, बँक अजून डोक्यातून गेलेली नाही. विल्यम वेगमन या अमेरिकन कलावंताने १९७० च्या दशकात आपल्या वायमरानर कुत्र्याचे फोटो काढून नाव कमावलं, हे काकांना कुणीतरी कौतुकाने सांगितलं. काकांनी ते फोटो पाहिले आणि कॅमेरा खाली ठेवला. "त्याला काय! त्याचं कुत्रंच करडं!"

एलियट अर्विट हा मोठा फोटोग्राफर कुत्र्यांचं लक्ष वेधायला स्वतः भुंकायचा. काकाही एकदा भुंकले. बंडू उठून आतल्या खोलीत गेला आणि खालून वॉचमन वर आला. बंडू मान तिरकी करतो ती कुकरच्या शिट्टीला, हा शोध काकांचा स्वतःचा. पहिल्या शिट्टीला मान तिरकी, दुसरीला नुसते कान, तिसरीला जांभई. तेव्हा फोटो पहिल्या शिट्टीलाच. शटर १/२५०. अ‍ॅपर्चर एफ ४, कारण १.८ ठेवलं तर डोळे लख्ख आणि नाक धूसर. लॅब्रडॉरचं नाक त्याच्या डोळ्यांच्या चांगलं चार बोटं पुढे चालतं. सगळं जमून येतं, शिट्टी होते, काका बटण दाबतात आणि त्याच क्षणी बंडू लेन्स चाटतो.

"अगं, अजून एक कुकर लावतेस?"

त्या महिन्यात अख्ख्या मजल्याला वरणाचे डबे गेले.

आषाढात आभाळ भरून आलं, की कपडे वाळत नाहीत म्हणून सोसायटी रडते आणि काका एकटे खुशीत असतात: ढग म्हणजे आभाळभर पसरलेला पडदा, सावली कुठे टोचत नाही. दुसऱ्याच्या घरी गेले की ते आधी खिडक्या बघतात. एका घरी समाचाराला गेले असताना बराच वेळ खाली मान घालून बसले होते. घरच्यांना गहिवरून आलं. निघताना म्हणाले, "तुमच्या मांजराला तिथून उठवू नका. फार सुंदर उजेड आहे."

आता इमारत पुनर्विकासाला चालली आहे. सभेत सगळे कार्पेट एरिया, कॉर्पस आणि पार्किंगवर भांडत होते. काकांनी बिल्डरच्या माणसाला एकच प्रश्न विचारला, "किचनला उत्तर आहे का?"

"काका, वास्तूप्रमाणे किचन आग्नेयेला घेतलंय. लोक मागून घेतात."

"मग माझी संमती नाही."

सेक्रेटरींनी चार दिवस मनधरणी केली. शेवटी आर्किटेक्टने त्यांच्यापुरता नकाशा फिरवला, किचन उत्तरेला आणलं, वर मोठ्या मनाने मधली भिंतही काढून टाकली. ओपन किचन! हॉलमध्ये पालथं पडून थेट ओट्यापर्यंत फोटो घेता येईल, म्हणून काकांनी तिथल्या तिथे पेन काढलं. पण फ्लॅट दोघांच्या नावावर. काकूंनी चष्मा लावला, नकाशा सावकाश पाहिला आणि कागद परत सरकवला.

"भिंत हवी. दार हवं. आणि दाराला आतून कडी."