टूर है, काका

असा एक तुमच्याही कॉलनीत असेलच. खांद्यापर्यंत केस, काळा टी-शर्ट, तिशीच्या अलीकडे-पलीकडे, आणि "काय करतोस?" विचारलं की "बँड आहे". (माझ्या सासूबाई त्याला अजून वरातीचे दर विचारतात.) आमचा सिडकोत, नेमका माझ्या डोक्यावरच्या खोलीत राहतो.

हा पाठीला गिटार लावून गावाबाहेर पडला की ती 'टूर'. पैठणला मामाकडे पुरणपोळी खाऊन आला, पैठण टूर. चुलतभावाच्या साखरपुड्यात दोन गाणी वाजवली, जालना टूर. एकदा मावशीच्या ओळखीच्या दंतवैद्याकडे पुण्याला निघाला, तेव्हाही जिन्यात म्हणाला, "टूर है, काका!" परतला तो अक्कलदाढ काढून, गाल सुजवून. "कसा झाला शो?" मी विचारलं. पठ्ठ्याने अंगठा वर केला.

जॅमिंगचं वेळापत्रक महापालिका ठरवते. नळाला पाणी आठ-आठ दिवसांनी, आणि ड्रमरच्या घरी टाकी भरणारा तो एकटा. बेसवाला वाळूजच्या कंपनीत, त्याची शिफ्ट फिरती. ज्या संध्याकाळी नळ कोरडा आणि बेसवाला फर्स्ट शिफ्ट करून मोकळा, त्या संध्याकाळी तिघं एकच तुकडा दीड-दीड तास घोळवतात. म्हणे त्यातूनच गाणं सापडतं. खाली आम्हाला मांडणीवरचे पेले जमिनीवर सापडतात.

इतिहास मात्र तोंडपाठ. 1984 साली मुंबईत रॉक मशीन उभं राहिलं, त्याचंच पुढे इंडस क्रीड झालं. 1986 पासून रंगभवनात इंडिपेंडन्स रॉक भरायला लागलं. 2010 मध्ये पुण्यात वीकएंडर सुरू झाला. "मुंबई झाली, पुणं झालं, काका. आता कोण?"

"मनमाड," मी म्हणालो. गाडी तिथूनच जाते.

गणपतीत मंडळाने स्टेज दिलं. यांनी स्वतःची चार गाणी काढली. अध्यक्षांनी 'झिंगाट'साठी तीन चिठ्ठ्या धाडल्या. शेवटी दहाला पाच कमी असताना याने झिंगाट वाजवलं, पण गिटार अशी गुरगुरत होती की पुढची पोरं नाचायची थांबून बघत राहिली. "हजार पब्लिक होतं," तो दुसऱ्या दिवशी म्हणाला. निम्मं प्रसादाच्या रांगेत होतं, हे मी बोललो नाही.

गेल्या हिवाळ्यात खरीच टूर झाली. नाशिक, पुणे, दोन कॅफे. बिदागी एसटीच्या तिकिटात गेली. पहाटे फाटक मीच उघडलं.

"किती होते?"

"सतरा."

मी पुन्हा विचारलं. सतराच. हा माणूस आकडा न फुगवता सांगतोय म्हटल्यावर मला काळजीच वाटली.

"एका पोराला आपलं गाणं पाठ होतं, काका. मी दुसरं कडवं विसरलो, तर त्याने म्हटलं." एवढं सांगून ॲम्प्लिफायर हातात तसाच धरून उभा राहिला. थंडीत मीही उभा राहिलो. का, कोण जाणे.

उन्हाळ्यात ड्रमरला चाकणला नोकरी लागली. वर आता शांतता आहे. पेले जागेवर असतात. सवय नसल्याने मी उगाच मांडणीकडे बघतो.

परवा पहाटे जिन्यात भेटला. पाठीला गिटार नव्हती. खांद्यावर हिरव्या पाइपाचं वेटोळं आणि हातात छोटी मोटर.

"कुठे रे?"

"ड्रमरच्या आईकडे. आज त्यांचं पाणी आहे." दोन पायऱ्या उतरला, वळला. "टूर है, काका."