पुदिन्याचा दशांश

कुठल्याही मंडळीत पाळक बदलतात, ऑर्गन वाजवणाऱ्या बाई मुलाकडे पुण्याला राहायला जातात, पंच एकमेकांवर रुसून राजीनामे देतात. राहतो तो खजिनदार. आमच्या नगरच्या मंडळीचे खजिनदारकाका जिल्हा परिषदेच्या वित्त विभागातून निवृत्त झाले आणि त्याच आठवड्यात पंचकमेटीने त्यांच्या हाती वह्या दिल्या. त्यानंतर शहराचं नाव बदलून अहिल्यानगर झालं, पण वह्यांचा हात बदलला नाही.

दशांश द्यायचा असतो हे ख्रिस्ती घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. कशाचा द्यायचा, हा प्रश्न मात्र काकांनाच पडतो. हातात पडणाऱ्या पेन्शनचा की कर कापण्याआधीच्या? महागाई भत्त्याची थकबाकी मिळाली तर तिचा दशांश ज्या वर्षाची थकबाकी त्या वर्षात दाखवायचा की मिळाली त्या वर्षात? काकांचे निवाडे तयार असतात. दशांश कपातीच्या आधीच्या रकमेवर, कारण आधी देव, मग सरकार. जावयाने एकदा आंब्यांची पेटी आणली, चार डझनांची. अठ्ठेचाळीसचा दशांश चार पूर्णांक आठ. काकांनी पाच आंबे पाळकसाहेबांच्या घरी पोचवले आणि सोबत चिठ्ठी दिली, की पाचव्या आंब्यातला एक पंचमांश भाग आमच्याकडून प्रेमाची भेट समजावी. पाळकीणबाईंनी ती चिठ्ठी अजून जपून ठेवली आहे, पाहुण्यांना दाखवायला.

गच्चीवरच्या कुंडीत पुदिना आहे, त्याचाही दशांश निघतो. तो मोजणं अवघड, कारण काकू येईल त्या शेजारणीला मूठभर खुडून देतात आणि काकांची मोजणी दर वेळी चुकते. एका रविवारी पाळकसाहेबांनी मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायावर उपदेश केला. पुदिना, शेप आणि जिऱ्याचा दशांश देऊन न्याय, दया आणि विश्वास सोडून देणाऱ्या परूश्यांना प्रभू फटकारतो, तो भाग. सबंध मंडळी माना वळवून तिसऱ्या बाकाकडे पाहू लागली. काका शांत. उपासनेनंतर दारात हस्तांदोलन करताना म्हणाले, "साहेब, वचन पुरतं वाचा. पुदिन्याचा देऊ नका असं प्रभू म्हणत नाही. ते करायचं होतं आणि हेही सोडायचं नव्हतं, असं आहे." पाळकसाहेबांनी घरी जाऊन पाहिलं. तसंच आहे.

दशांश मंडळीला, आणि दशांशाच्या वर जे द्यायचं ते बाहेरच्या गरजूंना, असा काकांचा कायदा. मंडळीच्या थैलीत टाकलेल्यावर आयकरात सूट नाही, कारण एकाच धर्मसमाजासाठी चालणाऱ्या संस्थेला ८०-जी लागू होत नाही. अंध मुलांच्या एका संस्थेला मात्र ती आहे. काकांनी तिला दोन हजार दिले. रोखीने त्याहून जास्त दिलं तर सूट जाते, म्हणून बरोब्बर दोन हजार. जुन्या करपद्धतीत त्यातल्या निम्म्याची, म्हणजे हजाराची, वजावट मिळाली. वीस टक्क्यांनी दोनशे रुपये कर वाचला. इथवर सगळे थांबतात. काका म्हणाले, दोनशे वाचले म्हणजे मिळाले, म्हणजे त्याचा दशांश वीस. ते वीसही याच संस्थेला दिले, तर पुन्हा दहाची वजावट, दोन रुपये वाचले. दोनाचा दशांश वीस पैसे. आणि वीस पैशांचं नाणं तर २०११ च्या जूनअखेर चलनातून गेलं! काका चार दिवस अस्वस्थ होते. शेवटी पाच वर्षांचे साठवून एक रुपया द्यायचा, असा तोडगा निघाला. यात चार टक्के उपकर धरलेला नाही, याची त्यांना अजून रुखरुख आहे.

हे वाचून कुणी त्यांना हास्यास्पद ठरवील. आधी मागची गोष्ट ऐकावी. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगरला ठाणं मांडलं, तेव्हापासून कितीतरी वर्षं इथला पैसा बोस्टनहून यायचा. आपल्या पाळकाचा पगार आपण द्यावा, हे मंडळ्यांच्या गळी उतरवायला मिशनऱ्यांचा जन्म गेला. काका म्हणतात, "आता बोस्टन म्हणजे ही थैली." मखमलीची, लांब दांड्याची, आतून विटलेली. उपासनेनंतर मागच्या खोलीत दोन पंचांसमोर ती उपडी होते. दहा-दहाचे मनोरे, नोटा एका तोंडाने. दुकानदार घेत नाही ती चिकटपट्टी लावलेली नोट हमखास देवाला येते. काका तिचे तुकडे जुळवतात आणि सोमवारी बँकेत जाऊन बदलून आणतात. एकदा शर्टाचं बटण निघालं. त्याचीही नोंद आहे, 'बटण, एक, मालक अज्ञात'. ८ नोव्हेंबर २०१६ नंतरच्या रविवारी थैली भलतीच जड झाली, पाचशे-हजाराच्या नोटांनी. काकांनी त्या जमेपुढे पेन्सिलीने लिहिलं, 'संतोषाने?'

पण काकांची खरी कसोटी लागते कापणीच्या सणाला. वेदीपुढे बाजरीची कणसं, ऊस, भोपळे, कोथिंबिरीच्या जुड्या, अंड्यांचे ट्रे, कुणाच्या घरचा केक आणि पाय बांधलेली एखादी कोंबडी. उपासना संपली की अंगणात लिलाव. शाळेतले एक दणदणीत आवाजाचे सर बोली लावतात. भोपळा दीडशेला जातो. घेणारा पैसे मोजतो, भोपळा उचलतो आणि परत टेबलावर ठेवतो, "पुन्हा घ्या!" मग दोनशे, मग साडेतीनशे. शेवटी एक निवृत्त नर्सबाई पाचशे मोजून तो घरी नेतात, आणि लोक टाळ्या वाजवतात. काका टाळ्या वाजवत नाहीत. त्यांच्या वहीत भोपळ्याची आवक एक आणि विक्री चार, म्हणजे शिल्लक उणे तीन. उणे तीन भोपळे ऑडिटरला कसे दाखवायचे? बरीच वर्षं चाललेला हा पेच काकांनी असा सोडवला, की परत ठेवलेल्या मालाची दर वेळी नवी आवक टाकायची. आता वहीत ओळीने दिसतं: भोपळा. भोपळा (तोच). भोपळा (तोच). भोपळा (तोच).

एका साली लिलाव चालू असतानाच कोंबडीने अंडं घातलं. सहाशेची बोली देणारा गडी म्हणाला, कोंबडी माझी, अंडंही माझं. काका उठले. बोली लागली होती, पण सरांनी 'तीन वार' म्हटलं नव्हतं, सबब त्या क्षणी कोंबडी मंडळीची, सबब अंडंही मंडळीचं. अंड्याचा वेगळा लिलाव झाला. ते ऐंशी रुपयांना गेलं. घेणारा अर्थातच "पुन्हा घ्या" म्हणाला आणि काकांनी कपाळाला हात लावला.

हिशेबाशिवाय देणाऱ्या माणसांविषयी काकांना आदर आहे, पण लांबून. रेव्हरंड टिळक याच नगरात राहिले. त्यांच्या हातात पैसा कसा ठरत नसे, हे लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त सांगून ठेवलं आहे. काकांचं मत विचारलं तर म्हणतात, "कवी म्हणून थोरच. पण खजिनदार म्हणून मी त्यांचं नाव सुचवलं नसतं."

स्वतःवर खर्च म्हणाल तर शून्य. सावेडीहून देवळापर्यंत पायी. रिक्षाचे वाचलेले पैसे एका डब्यात, आणि त्या डब्यातून काका कर्ज देतात. घंटा वाजवणाऱ्याच्या मुलीची नर्सिंगची फी, कुणाचं ऑपरेशन, कुणाच्या रिक्षाचा हप्ता. छापील अर्ज, सही, तारीख, सगळं रीतसर. व्याज नाही, कारण गरिबाकडून व्याज घेऊ नये असं बायबलच्या निर्गमात आहे. जामीनदारही नाही, कारण जामीन राहू नये असं नीतिसूत्रांत आहे. आणि अनुवादाच्या पंधराव्या अध्यायात लिहिलंय की दर सात वर्षांच्या अखेरीस कर्ज सोडून द्यावं. वही २०११ ला उघडली होती. ३१ डिसेंबर २०१७ च्या रात्री, वर्षअखेरच्या उपासनेहून परत येऊन, काकांनी तांबड्या शाईने सगळी येणी कापली.

ही बातमी राहते थोडीच! पुढची अखेर २०२४ ची. त्या पावसाळ्यापासून मंडळीत शास्त्रवाचन वाढल्याचं पाळकसाहेबांना जाणवलं. वाढलं होतं ते एकाच अध्यायाचं. ऑक्टोबरात काकांच्या दाराशी चपलांची रांग लागली. शहाण्या माणसाने डबा बंद केला असता. काकांची पंचाईत अशी, की त्याच अध्यायात, थोड्याच ओळींच्या अंतराने, सातवं वर्ष जवळ आलं म्हणून गरजूला नाही म्हणू नकोस असंही बजावलेलं आहे. नियमातून सुटायला नियमच आडवा. डब्यात होतं ते गेलं, मग मुदतठेव मोडली. प्रत्येकाकडून अर्ज मात्र तिप्पट तपासून घेतला. एका रिक्षावाल्याने ३० डिसेंबरला दहा हजार नेले. "परतफेड कधी?" काकांनी विचारलं. "जूनमध्ये." काकांनी गंभीरपणे 'जून २०२५' लिहिलं आणि दुसऱ्या रात्री कापलं. एक जानेवारीला सकाळी त्याच्या घरी गेले, "कर्ज माफ झालंय, इथे सही कर, नाहीतर माझी वही जुळणार नाही."

जूनमध्ये तो रिक्षावाला दहा हजार घेऊन फाटकाशी हजर.

"काका, मोजून घ्या."

"कशाचे? तुझं खातं बंद आहे."

"मी नेले होते ना?"

"नेले होते. पण आता येणं नाही. येणं नसताना जमा कुठल्या सदरात करू?"

"काहीही लिहा, पण घ्या."

"काहीही लिहायला ही काय किराणा मालाची यादी आहे?"

अर्धा तास हे चाललं होतं. रिक्षा मधोमध उभी, मागे दुधवाला हॉर्न देतोय. शेवटी काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. नोटा त्याच्या हातातून घेतल्या आणि न मोजता कमरेला खोचल्या.

"जा तू. माझ्याकडे वही नाही."

काका अजून विचारतात, त्यात नेमके दहा हजार होते का.