हात लावून सांगणारे

पांढुर्णा-सौसरच्या पट्ट्यात कुणाचं यंत्र बंद पडलं, की मिस्त्रीच्या आधी मोठे बाबा पोहोचतात. खरे मोठे बाबा ते दोघांचेच, एका पुतण्याचे आणि एका पुतणीचे. पण सगळं गाव त्यांना त्याच नात्यानं हाक मारतं. त्यांचं हत्यार एकच, उजवा पालथा पंजा. तो यंत्रावर टेकवायचा, डोळे मिटायचे आणि सांगायचं, "तपून राह्यलं." हे निदान आजवर चुकलेलं नाही, कारण चालणारं यंत्र थोडंफार तापतंच.

पुतण्यानं संत्र्याच्या बागेत ठिबकचे व्हॉल्व्ह आपोआप उघडावेत म्हणून ईएसपी-३२चं बोर्ड बसवलं. आणलं नागपूरच्या सीताबर्डीवरून. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला खरा, पण सुट्या सामानाचा जिल्हा अजून नागपूरच. दोन बोटांएवढं ते बोर्ड मातीची ओल मोजायचं आणि वायफायवरून मोबाइलला कळवायचं. आंबिया बहाराची फळं झाडावर धरली, मे उजाडला आणि बोर्ड भर दुपारी बंद पडू लागलं.

पंजा टेकला. चटका बसला.

"चीनचा माल हाये बाप्पा! आपला उन्हाळा त्याले काय माहीत?"

बोर्डावरचं ईएसपी-३२ मॉड्यूल ८५ अंश सेल्सिअसच्या हवेतही चालावं असं बनवलेलं असतं. मोठे बाबा साठी ओलांडलेले, पण त्यांचं बोट साठीच्या आतच माघार घेतं.

मग उपचार सुरू झाले. पत्र्याच्या डब्यावर ओलं गोणपाट आलं, गोणपाटावर वाळा, आणि वाळ्यावर पाणी शिंपडायला गडी. माणसाचं पाणी द्यायचं काम वाचावं म्हणून आणलेल्या बोर्डाला पाणी द्यायला माणूस लागला! पुढे कॉम्प्युटरमधला जुना पंखा बसला, तोही बोर्डाच्याच बॅटरीवर. बॅटरी उतरली. मोठ्या बाबांनी तिलाही हात लावला, "आता हे तपून राह्यली."

शेवटी आयटीआय झालेली पुतणी मल्टिमीटर घेऊन बसली.

"मोठे बाबा, तपते ते नेमकं कोणतं?"

"कोणतं म्हंजे? बोर्ड!"

"बोर्डावरची ही पत्र्याची टोपी पाहा. हिच्याखाली चिप आहे, ती नुसती कोमट. चटका देते ती बाजूची काळी चौकोनी वस्तू, रेग्युलेटर. बॅटरीचे १२ व्होल्ट सरळ बोर्डाला दिलेत. चिपला लागतात ३.३. उरलेले ८.७ हा बिचारा उष्णता करून फुंकतो."

तिनं कागदावर हिशेब मांडला. वायफाय चालू असताना साधारण ०.१ अँपिअर धरले, तर नखाएवढ्या त्या तुकड्यात ०.८७ वॅट उष्णता. तेच बोर्डाला ५ व्होल्ट दिले तर ०.१७. बंद डब्यातून ती बाहेर पडणार कुठून? तिनं मध्ये १२ व्होल्टचे ५ करून देणारा बक कन्व्हर्टर बसवला, डबा झाडाच्या सावलीत हलवला, त्याला खाली-वर भोकं पाडली, आणि प्रोग्रॅममध्ये वायफायला उसंत दिली : ओल मोजायची, कळवायचं, झोपायचं.

मोठ्या बाबांनी पंजा टेकवला. गार! चेहरा पडला.

"मेलं वाटते."

तेवढ्यात मोबाइल वाजला, व्हॉल्व्ह उघडला, आणि झाडाखाली थेंब पडू लागले. मोठे बाबा क्षणभर गप्प राहिले. मग वाळ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "उतरली ना उष्णता? मी म्हणतच होतो."

असे मोठे बाबा गावोगाव असतात. त्यांना कारणाशी देणंघेणं नसतं, गोडी असते उपायाची. कारण सापडलं की काम संपतं. उपाय मात्र जन्मभर पुरतो. परवा सौसरला कुणाचा तरी इन्व्हर्टर बंद पडल्याचा निरोप आला. पुतणी मल्टिमीटर शोधेपर्यंत मोठे बाबा वाळ्याची जुडी काखोटीला मारून बसस्टँडवर पोहोचलेसुद्धा.