आंधळगावचा पायलट

आंधळगावात त्याला सगळे पायलट म्हणतात. पायलट अजून विमानात बसलेला नाही. नागपूरच्या विमानतळावर मामेभावाला सोडायला गेला होता, तेवढीच त्या व्यवसायाशी त्याची सलगी.

कॉम्प्युटरवर हवाई लढाया खेळण्यासाठी जे सिम्युलेटर असतात, त्यांच्यासाठी तो फॉलंड नॅट हे लढाऊ विमान घडवतो आहे. स्पिटफायरचं नाव काढलं की नाक मुरडतो. "ते तं कोणीही करते जी!" नॅटची कुळकथा मात्र न विचारता सांगतो. टेडी पेटरने आखलेलं हे विमान 1955 साली पहिल्यांदा उडालं. इंग्रजांच्या हवाई दलाने एक आसनी लढाऊ नॅट ताफ्यात घेतलंच नाही, प्रशिक्षणाचं दोन आसनी तेवढं घेतलं. लढाऊ नॅट घेतलं आपण. बंगळूरला बांधलंही. मग 1965 च्या आणि 1971 च्या लढाईत त्याने पाकिस्तानची सेबर विमानं पाडली. श्रीनगरवरच्या लढतीत परमवीरचक्र मिळवणारे निर्मलजितसिंग सेखों नॅटमध्येच होते. इथवर आला की पायलटचा आवाज बसतो आणि चहा गार होतो.

घर कोसा रेशीम विणणाऱ्यांचं. पुढच्या खोलीत काकाचा माग, मागच्या खोलीत पायलटचा कॉम्प्युटर. विमानाचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत बावीस फूट, हे त्याने काकूला मोठ्या कौतुकाने सांगितलं. काकूने मनातल्या मनात हिशोब केला. "म्हंजे नऊवारीपेक्षा पाच फूट कमी! अन् एवढ्यासाठी तू चार वर्षं बसला?"

चार वर्षं जातील नाही तर काय होईल? नॅटमध्ये वेग कमी करायची तऱ्हाच निराळी. चाकं थोडी बाहेर काढायची, त्यांची झाकणं वाऱ्याला आडवी येतात, तोच ब्रेक. म्हणजे चाकं पूर्ण आत, अर्धवट बाहेर आणि पूर्ण बाहेर, असे तीन डाव आले. मधल्या डावात झाकण नेमकं किती उघडतं, यावर पायलटचा अख्खा पावसाळा गेला. जुने फोटो मोठे करून करून त्याने पाहिले. ज्या फोटोत झाकण दिसतं, त्यात नेमका कोणीतरी मेकॅनिक समोर उभा. त्या मेकॅनिकवर पायलटचा राग अजून आहे.

मग आवाजाचं काम निघालं. कॉकपिटमधल्या बटणांचा खटका हवा होता. त्याने घरातल्या स्विचबोर्डाला माइक लावला आणि बटण दाबलं. पुढच्या खोलीतला दिवा गेला, काकाचा धागा तुटला. पुन्हा दाबलं. दिवा आला, पण रेकॉर्डिंगमध्ये खटक्याच्या मागे मागाचं खटाखट. "काका, दोन मिनिटं माग थांबवा ना."

"तुहं विमान उडो नाहीतं नोको उडो, माहा धोटा थांबत नाही."

सबब पायलटच्या नॅटमध्ये आजमितीस कुठलंही बटण दाबलं तरी हातमाग चालतो. मला विचाराल तर विमानातली तेवढीच गोष्ट शंभर टक्के अस्सल आहे. पायलटला हे सांगायची सोय नाही.

"उडणार कधी?" असं गाव विचारतं. पायलटचं उत्तर ठरलेलं, "रिवेट बाकी आहेत." रिवेट पंखाच्या खालच्या बाजूचे. ते पाहायचे तर शत्रूने नॅटच्या पोटाखाली शिरावं लागेल, आणि तिथे शिरलेला शत्रू रिवेट मोजत बसेल असं वाटत नाही.

परवा तो बाजाराला गेला आणि पुतण्याने संधी साधली. अर्धवट नॅट उडवलं, ढगात घातलं, एक सेबर पाडलं आणि घरभर नाचला. पायलट परतला. पोरगा धापा टाकत म्हणाला, "काका, पहिल्याच झटक्यात पाडलं!"

पायलटने लढाईचं रेकॉर्डिंग लावलं. सेबर पेटलं, तिकडे त्याने पाहिलंही नाही. चित्र थांबवून तो नॅटच्या शेपटीजवळ गेला, अजून जवळ गेला, चष्मा पुसला.

"या पत्र्याचा स्क्रू उलटा बसला आहे," तो म्हणाला. "अन् तू असाच घेऊन उडला?"