पाणी मारायचं नाही, बाबा!

ब्रिस्टल, १८ जानेवारी

ती. सौ. आईस,


फोनवर सगळं सांगता आलं असतं. पण तू फोन उचललास की बाबा तो स्पीकरवर टाकतात, आणि बांधकाम खात्यातून निवृत्त झालेला माणूस मग आपल्याला बोलू देत नाही. म्हणून पत्र. चष्मा सापडत नसेल तर सापडेपर्यंत तसंच ठेव, त्यांच्या हातात देऊ नकोस.

तर, आमची जमीन एकदाची गरम झाली.

मागच्या थंडीत तू आली होतीस तेव्हा पायात स्वतःचे मोजे, त्यावर बाबांचे मोजे आणि त्यावर सपाता घालून पोळ्या लाटायचीस. घर सव्वाशे वर्षांचं. पुढच्या दोन खोल्यांत लाकडी फळ्या, स्वयंपाकघरात थेट मातीवर बसवलेल्या लाल फरश्या. रेडिएटर लावला की डोकं तापायचं आणि पाय गारच. इंग्रज माणसाचं गार जमिनीमुळे काही अडत नाही. तो घरात बूट घालतो, खुर्चीत बसतो, पलंगावर निजतो. आपल्याला मात्र भाजी निवडायला, पापड लाटायला, रुसायलासुद्धा जमीनच लागते.

जमीन गरम करायचं खूळ डोक्यात शिरलं ते इथून जवळच असलेल्या बाथला. तिथल्या रोमन स्नानगृहांत विटांचे बुटके खांब आहेत, त्यांच्यावर जमीन आणि तिच्याखालून भट्टीची गरम हवा. आपल्या बंबावर कोणी घर बांधावं तसं. इ.स. ४१०च्या सुमारास रोमनांचं राज्य इथून उठलं आणि त्यानंतर इंग्रजांनी पाय गार ठेवूनच पाव जगावर राज्य केलं. कदाचित त्यामुळेच बाहेर पडले असतील.

पुढच्या खोल्यांच्या फळ्या उचलल्या तेव्हा खाली हा एवढा अंधार. त्यात एक गोटी, मूठभर खिळे आणि सुसाट वारा! भिंतीला तळाशी भोकाच्या विटा असतात, त्यांतून वारा आत येतो. त्या बुजवायच्या नाहीत, नाहीतर तुळया कुजतात. तुमचे जावईबापू ‘बघू तरी’ म्हणून दोन तुळयांच्या मधे पाय ठेवते झाले आणि मांडीपर्यंत घरात शिरले. आता तिथे तुळयांमध्ये इन्सुलेशनच्या पाट्या, त्यावर अॅल्युमिनियमचे पत्रे आणि पत्र्यांच्या खाचांत नळ्या आहेत. जावईबापूंच्या गुडघ्याला अजून बाम लावते.

स्वयंपाकघर मात्र मुळापासून खणलं. माती बादल्यांनी बोळातून बाहेर. मग खडी, ओल अडवणारा प्लास्टिकचा जाड पडदा, काँक्रीट, इन्सुलेशन आणि त्यावर नळी. पंधरा चौरस मीटरच्या खोलीत शंभर मीटर नळी! सोऱ्यातून चकली पाडावी तशी गोल गोल टाकली. मी फोटो काढून ठेवलेत, कारण पुढे कुणी हौसेने जमिनीत ड्रिल घातलं तर कारंजंच उडेल. त्यावर ६५ मिलिमीटरचं स्क्रीड. बाबांच्या भाषेत कोबा.

आणि इथेच सगळं बिनसलं. आमचा कंत्राटदार म्हणाला, आठवडाभर झाकून ठेवा, मग वाळू द्या. पहिले ४० मिलिमीटर रोज एक या हिशोबाने, पुढचे रोज अर्धा. म्हणजे नव्वद दिवस. एकवीस दिवस तर नळ्यांत गरम पाणीही सोडायचं नाही. बाबांना व्हिडिओवर दाखवलं तर ते खुर्चीतून उठलेच. ‘वाळू द्या? अगं, एकवीस दिवस पाणी मारायचं असतं! तडे जातील!’ दोघांचा आकडा एकच, अर्थ उलटे.

मला वाटलं, बोलून गप्प बसले. बाराव्या दिवशी धाकटी फुलांना पाणी घालायची झारी घेऊन कोबा शिंपताना सापडली. ‘आजोबांनी सांगितलंय, आईला सांगू नकोस.’ पुढे कंत्राटदार ओल मोजायचं यंत्र घेऊन आला आणि खिडकीच्या कोपऱ्याशी बराच वेळ डोकं खाजवत बसला. आम्ही कुणी काही बोललो नाही. चहा दिला.

ते तीन-चार महिने कसे गेले विचारू नकोस. गणपती वरच्या बेडरूममध्ये, चकल्या जिन्याखाली इंडक्शनवर.

शेवटी नळ्यांत पाणी सोडलं त्या दिवशी आम्ही चौघं अनवाणी रांगेत उभे. थोरला म्हणाला, ‘गरम कुठे आहे?’ खरंच, चटका बसेल असं काही नाही. रेडिएटरला साठ-सत्तर अंशांचं पाणी लागतं, याला चाळिशीच्या आतबाहेरचं पुरतं, आणि फरशीचा वरचा भाग एकोणतीसच्या वर जाऊच द्यायचा नाही. फक्त पाय गार पडत नाहीत. सकाळी उबेत उठायचं तर पहाटेच सुरू करावं लागतं. बंब पेटवायला आजी उठायची, इथे घड्याळ उठतं.

खरी गंमत आंबोळीच्या पिठाची. इथल्या थंडीत पीठ तीन-तीन दिवस ढिम्म हलायचं नाही, ओव्हनचा दिवा लावून कसंबसं फुगवायचे. मी आपलं सवयीने दुपारी भिजवून, वाटून पातेलं जमिनीवर ठेवलं. सकाळी झाकण बाजूला, पीठ फरशीवर आणि थोरल्याचा बूट त्यात. पण आंबोळ्यांना काय जाळी पडली!

तू गोधडी पाठवते आहेस ती जरूर पाठव, पण अंगावर घ्यायला. जमिनीवर जाड काही अंथरलं की ऊब खालीच अडकते. पाटही नकोत. आम्ही नुसत्या जमिनीवर मांडी घालून जेवतो, आणि जावईबापूंना उठताना दोघांनी ओढावं लागतं.

तुझी,
थोरली

ता. क. बाबा, चष्मा तुमच्याच खिशात असणार. अजून एकही तडा नाही.